चोपन्न काय?

स्टड तुटतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. पेन्सिलीचं टोक मोडावं तसा बारीकसा 'टक्' होतो आणि विषय संपतो. खरी भीती त्या आवाजाच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात असते. नट आवळताना हाताला लागणारा जोर वाढत गेलेला असतो, तो एकाएकी वाढायचा थांबतो. पाना लोण्यातून फिरावा तसा फिरतो आणि आता देवही काही करू शकणार नाही हे माणसाला कळून चुकतं.

वजनमापे खात्याच्या निरीक्षकसाहेबांच्या वाट्याला हा अर्धा सेकंद शनिवारी सकाळी सव्वादहाला आला. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी स्टँडवर चढवलेल्या इंजिनापुढे ते पाना हातात धरून उभे होते आणि तसेच उभे राहिले. बाजारपेठेत त्यांना पाठीमागे 'मिलिग्रॅम' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते कौतुक समजून घेतलं होतं. सोळा वर्षांच्या नोकरीत एका दाण्याचा फरकही त्यांनी कुणाला सोडला नव्हता.

ज्यांनी इंजिन आतून पाहिलं नाही अशा सुखी माणसांसाठी थोडं सांगायला हवं. इंजिनाचा खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक आणि त्याचं झाकण म्हणजे हेड. झाकण जागेवर राहावं म्हणून ब्लॉकमध्ये करंगळीएवढ्या जाडीचे दहा दांडे रोवलेले असतात. ते स्टड. त्यांच्यावर वरून नट बसतात आणि ते ठरावीक जोर लावून, ठरावीक क्रमाने आवळायचे असतात. जोर मोजायला टॉर्क पाना असतो. त्यावर आकडा लावून ठेवला की तेवढा जोर होताच पाना स्वतः 'कट्' असा आवाज करतो. म्हणजे 'कट्' झालं तर काम फत्ते आणि 'टक्' झालं तर सत्यानाश. अक्षरं तीच, फक्त उलटी.

पहिले सहा नट 'कट्' म्हणाले. सातवा 'टक्' म्हणाला.

इथे साहेबांनी पाना खाली ठेवला असता तर ही गोष्ट निम्म्यावर संपली असती. पण खात्याचा नियम आहे की एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नाही. दुकानदाराचा काटा कमी दाखवतोय असं वाटलं तर दुसऱ्यांदा वजन ठेवून बघायचं आणि मगच पंचनामा करायचा. सातवा स्टड मुळातच कमकुवत होता की आणखी काही कारण आहे, हे कळायला दुसरी मोजणी हवी. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, पाना उचलला आणि आठव्या नटाला लावला.

"टक्."

नियमाप्रमाणे आता निष्कर्ष काढायला हरकत नव्हती.

इंजिन साहेबांचं नव्हतं, हे या सगळ्यातलं सर्वांत वाईट. गाडी मुळात सासूबाईंच्या वडिलांची. त्यांच्यानंतर ती सासऱ्यांकडे आली आणि सासऱ्यांनी ती तीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली. एकोणीस वर्षांत जावयाला ती फक्त धुवायला मिळे, तीही सासऱ्यांच्या देखरेखीखाली. यंदा सासरे आणि सासूबाई धाकट्या मुलीकडे सहा आठवडे राहायला निघाले, तेव्हा सासऱ्यांनी प्रथमच चावी जावयाच्या हातात दिली. सोबत स्वतःच्या अक्षरातला अकरा सूचनांचा कागद दिला. सातवी सूचना अशी होती: 'इंजिनाचं हेड कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.' तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या आणि दुसरी इतक्या जोरात मारली होती की कागद फाटला होता.

मग दुसऱ्याच आठवड्यात रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं आणि इंजिनाचं ऑइल दुधाळ झालं. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारं पातळ पत्रं, गेलंय, उघडावं लागेल, असं कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं. साहेबांनी दोन दिवस विचार केला. सूचना लिहिली तेव्हा ही परिस्थिती अस्तित्वात नव्हती, तेव्हा ती 'कोणत्याही परिस्थितीत' मोडत नाही, असा अर्थ त्यांनी लावला आणि हेड उघडलं. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह बघावेत, व्हॉल्व्ह बघितलेच तर पिस्टनच्या रिंगाही बघाव्यात, असं करत चौथ्या आठवड्यात अख्खं इंजिन गाडीच्या बाहेर आलं. सगळं पुसून, घासून, नवीन रिंगा घालून त्यांनी ते परत जुळवलं. फक्त हेड आवळायचं राहिलं होतं. सासरे पुढच्या रविवारी येणार होते.

"झालं का आवळून?" बायकोने शेडच्या दारातून विचारलं.

"सहा झाले."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांची तपासणी चालू आहे."

बायको आत आली. तिने इंजिनाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, तुम्ही नखं कधीपासून खायला लागलात?"

साहेबांनी हात खिशात घातला.

"बाबांना फोन करून सांगून टाका," ती म्हणाली. "फार तर चार शब्द बोलतील."

"ते बोलणार नाहीत. काही न बोलता चावी मागतील. मी ती देईन. आणि मग उरलेली वर्षं मी बादली घेऊन उभा."

बायकोने फोनचा विषय सोडला, कारण वडिलांना तीही ओळखत होती.

बातमी दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर गेली. तिथे दातांचे डॉक्टर राहत. ते लगेच खाली आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि तुटलेल्या जागा फार वेळ बघत राहिले. तोवर साहेब आणि बायकोने मिळून हेड उचलून बाजूला ठेवलं होतं. दोन्ही स्टड ब्लॉकच्या पातळीला तुटले होते. धरायला वर काहीच नव्हतं.

"मूळ आत राहिलंय," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे आठवड्यातून दोन तरी येतात असे."

"मग काय करता तुम्ही?"

"आधी पेशंटला सांगतो की घाबरू नका."

"आणि मग?"

"मग मी घाबरतो. पण तोंडावर मास्क असतो."

तुकड्याच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा आणि उलटा फिरवत तुकडा बाहेर काढायचा, हे डॉक्टरांना माहीत होतं. साहेबांनी पुस्तकातही तेच वाचलं होतं. दोन सुशिक्षित माणसांचं एकमत झालं म्हणजे धोका असतो. रविवारी सकाळी दोघांनी मिळून सातव्यात भोक पाडलं. डॉक्टर सवयीने दर मिनिटाला "दुखतंय का?" असं विचारत होते आणि साहेब सवय नसताना "नाही" म्हणत होते. एक्स्ट्रॅक्टर आत गेला. साहेबांनी हळूच फिरवला. तुकडा हलल्यासारखा वाटला. डॉक्टर म्हणाले, "येतोय. अजून थोडा."

"टक्."

या वेळी स्टड तुटला नव्हता, एक्स्ट्रॅक्टर तुटला होता. स्टडला निदान भोक तरी पडतं. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद इतकं कडक की त्यावर ड्रिल नुसतं घसरतं. म्हणजे आता सातव्या भोकात तुटलेला स्टड होता आणि त्या स्टडच्या पोटात न निघणारं पोलाद होतं.

डॉक्टरांनी हात पुसले. मग म्हणाले, "अशा केसेस मी पुढे पाठवतो," आणि जिना चढून गेले.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. ते रोज याच वेळी फोन करत.

"जावईबापू, गाडी कशी आहे?"

साहेब खोटं बोलत नसत. ते तत्त्व होतं आणि नोकरीची गरजही. "जागेवर आहे," ते म्हणाले.

"चालू करून बघता ना रोज?"

"रोज तिच्यापाशीच असतो."

"आवाज कसा आहे?"

"अजिबात आवाज नाही."

"वा," सासरे म्हणाले. साहेबांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांना घरातला कुठलाही 'टक्' सहन होईना. दिव्याचं बटण, कपाटाची कडी, बायकोच्या पर्सचं बक्कल, कशानेही त्यांचे खांदे कानापर्यंत जात. ऑफिसात शेजारचा कारकून पेनचं बटण दाबायचा, त्याला त्यांनी शाईचं पेन नेऊन दिलं.

गॅरेजवाल्याने हात जोडले आणि सांगितलं की हे काम गावात एकच माणूस करील, नदीकडच्या रस्त्यावरचा लेथवाला. लेथवाला साहेबांच्या चांगल्या ओळखीचा होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच त्याला नोटीस दिली होती. तो नटाखाली घालायच्या वायसरची पाकिटं विकायचा आणि पाकिटावर नुसतंच '२५०' छापलेलं असायचं. अडीचशे काय, ते लिहिलेलं नव्हतं. शिवाय त्याच्या काट्याची फेरतपासणी साहेबांच्याच टेबलावर अडकलेली होती.

सोमवारी ऑफिसला जाताना ते त्याच्या दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. लेथवाला साठीचा, जाड भिंगांचा, बोलण्यात घाई नसलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"किती जोराने आवळलंत?"

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. गेला आठवडाभर ती शेडच्या भिंतीवर डकवलेली होती. पुस्तकात जोर चाळीस पाउंड-फूट असा दिला होता. पाउंड हे माप साहेबांना वर्ज्य. त्यांनी तीन वेळा गणित करून त्याचं मेट्रिक केलं होतं आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून खाली रेघ मारली होती.

लेथवाल्याने चिठ्ठी लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली, मग उलटी करून मागची बाजू बघितली.

"चोपन्न," तो म्हणाला. "चोपन्न काय, साहेब?"

"न्यूटन-मीटर. अर्थातच."

"असं इथे लिहिलेलं नाही."

साहेबांनी मान पुढे करून चिठ्ठी पुन्हा वाचली.

"पान्यावर दोन बाजूंना दोन मापं असतात," लेथवाला शांतपणे म्हणाला. "एकीकडे न्यूटन-मीटर, दुसरीकडे पाउंड-फूट. तुम्ही चोपन्न कुठल्या बाजूला लावलंत?"

साहेबांना पाना डोळ्यांपुढे दिसला, त्याची वरची बाजू दिसली आणि तिच्यावरची अक्षरंही दिसली. चाळीसच्या जागी चोपन्न पाउंड-फूट. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"पहिले सहा तुटले नाहीत ही तुमची पुण्याई," लेथवाला म्हणाला. "पण तेही ताणले गेले असणार. दहाच्या दहा बदला." मग त्याने चिठ्ठीची घडी घालून परत दिली. "मला नोटीस कशाबद्दल आली होती, साहेब? मी विसरलो."

तो विसरला नव्हता. साहेबांनी ते त्याला सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. लेथवाल्याने मान हलवली. "बरोबर. आकडा लिहिला आणि माप लिहिलं नाही, की समोरच्याचं नुकसान होतं. नोटिशीत तसंच लिहिलं होतं तुम्ही. वाक्य छान होतं."

काम करायला तो तयार होता, अडचण साहेबांचीच होती. ज्याचा काटा आपल्या टेबलावर आहे, त्याच्याकडून खासगी काम करून घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. दुसऱ्या कुणी तरी 'जाऊ द्या' म्हटलं असतं. साहेबांनी वरिष्ठांना लेखी अर्ज केला: 'माझे दोन स्टड तुटले असून ते संबंधित व्यावसायिकाकडून काढून घेण्यास परवानगी मिळावी.'

मंगळवारी अर्ज परत आला. वरिष्ठांनी समासात लिहिलं होतं: 'स्टड कानातील की नाकातील? सोने विभागाचा अभिप्राय घ्यावा.'

बुधवारी सोने विभागाने अभिप्राय दिला की दागिन्याचं एकूण वजन आणि कॅरेट नमूद केल्याशिवाय अभिप्राय देता येत नाही. साहेब स्वतः तिकडे गेले आणि स्टड लोखंडाचे आहेत असं सांगितलं. टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी दया होती की साहेबांनी पुढचं काही सांगितलं नाही. "मिसेसना सांगू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पॉलिश करून घेतले की बरेच दिवस कळत नाही."

शेवटी मार्ग लेथवाल्यानेच काढला. बुधवारी दुपारी तो काटा डोक्यावर घेऊन खात्याच्या शिबिरात गेला आणि दुसऱ्या निरीक्षकाकडून त्यावर शिक्का मारून आणला. पाकिटं त्याने आधीच नवीन छापली होती. आता साहेबांच्या टेबलावर त्याचं काही उरलं नव्हतं. रविवारला मात्र चारच दिवस उरले होते.

गुरुवारी सकाळी ब्लॉक हातगाडीवरून निघाला. लेथवाल्याकडे जायचा रस्ता बाजारपेठेतून होता. साहेब रोज त्याच रस्त्याने फाईल बगलेत मारून जात, तेव्हा दुकानदार काटे पुसायला लागत. आज ते हातगाडी ढकलत होते आणि काटे कुणीही पुसत नव्हतं. सगळे दारात येऊन उभे होते. भाजीवाली म्हणाली, "साहेब, वजन करून देऊ का? माझा काटा पास आहे." कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. साहेबांनी डोळे समोर ठेवले आणि ढकलत राहिले. त्या क्षणी सासरे अचानक समोरून आले असते तर त्यांनी हातगाडीखालीच आडवं होणं पसंत केलं असतं.

साहेब पायरीवर बसले. लेथवाल्याने ब्लॉक टेबलावर घेतला, दिवा खाली ओढला आणि पाहत राहिला. सातव्याकडे नाही, तो पहिल्या आणि तिसऱ्या भोकाकडे पाहत होता. त्या दोन भोकांच्या कडेला पितळेचं बारीक कडं होतं. साहेबांना ते शोभेचं वाटलं होतं. कंपनीने काहीतरी विचार करूनच दिलं असणार.

"हे शोभेचं नाही," लेथवाला म्हणाला. "स्टड तुटला, भोकातले आटे गेले, की भोक मोठं करून असं पितळी बुश बसवतात. हे तिसरं माझ्या हातचं आहे. तीस वर्षं तरी झाली असतील."

"या इंजिनाचं? कुणी आणलं होतं?"

"ते सांगायचं नाही असं कबूल केलंय मी. एक गृहस्थ होते, नुकतेच गाडीचे मालक झालेले. घरात कळता कामा नये, म्हणाले. तुम्ही बसलात ना, त्याच पायरीवर बसून होते दिवसभर." त्याने भिंगांवरून पाहिलं. "नखं खात होते."

साहेबांनी तोंडातलं बोट काढलं.

कागद फाडणारी ती दुसरी रेघ त्यांना आठवली. ती रेघ रागाने मारलेली नव्हती. घाबरलेल्या माणसाचा हात तसाच चालतो, हे त्यांना गेल्या पाच दिवसांत कळलं होतं.

"आणि पहिलं?" त्यांनी विचारलं.

"ते आमच्या वडिलांच्या हातचं," एवढंच बोलून लेथवाल्याने मशीन सुरू केलं.

शुक्रवारी संध्याकाळी ब्लॉक परत आला, सातव्या आणि आठव्याला नवं कोरं पितळ घालून. शनिवारी साहेबांनी दहा नवे स्टड बसवले, हेड चढवलं आणि पाना हातात घेतला. या वेळी भिंतीवर नवी चिठ्ठी होती: 'चाळीस पाउंड-फूट. पाउंड-फूट.' बायको शेजारी पान्याचा आकडा मोठ्याने वाचायला उभी होती. डॉक्टर दारात होते, मास्क लावून. दहा वेळा साहेबांनी श्वास धरला आणि दहा वेळा पाना 'कट्' म्हणाला. दहाव्यानंतर ते तिथेच टायरवर बसले. गॅरेजवाल्याने चेन लावून इंजिन गाडीत सोडलं. संध्याकाळी ते सुरू झालं. साहेबांना आनंद झाला नाही, फक्त भीतीची जागा बदलली.

रविवारी सकाळी दहाला सासरे आणि सासूबाई आले. सासऱ्यांनी पाणीही घेतलं नाही. ते सरळ शेडमध्ये गेले, गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि कान लावून उभे राहिले. साहेब त्यांच्या मागे उभे राहिले. चावी गाडीला लावलेलीच होती; जोडीतली दुसरी त्यांनी खिशात मुठीत घट्ट धरली होती.

सासऱ्यांनी हेडवरून बोट फिरवलं. नट चकचकीत होते. त्यांचं बोट थांबलं.

"उघडलंत?" त्यांनी न वळता विचारलं.

साहेबांकडे तयार केलेली सात उत्तरं होती. सातही खरी होती आणि एकही सरळ नव्हतं. "उघडलं," ते म्हणाले. "माझ्या हातून दोन तुटले, बाबा. सातवा आणि आठवा."

सासरे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल असं साहेबांना वाटलं होतं. तिथे दुसरंच काही होतं. गेला आठवडाभर दाढी करताना साहेब ते आरशात बघत होते.

"तिसरा," सासरे अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पाहिलात?"

"पाहिला."

"हिला बोललात?"

"कुणालाच नाही."

सासऱ्यांनी रुमालाने मान पुसली. "किती जोराने आवळले आता?"

"चाळीस पाउंड-फूट."

"मी त्या वेळी अंदाजाने आवळला होता," सासरे म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी जावयाला स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. "चावी असू दे तुमच्याकडेच."

"काय कुजबुज चाललीये?" सासूबाई शेडच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"काही नाही," दोघे एकदम म्हणाले.

सासूबाई गाडीला वळसा घालून आल्या. आधी त्यांनी नवऱ्याच्या नखांकडे पाहिलं, मग जावयाच्या. मग मागचं दार उघडून पदर सावरत आत बसल्या.

"आमच्या आप्पांचा पहिला तुटला तेव्हा बॅटरी धरायला मीच होते," त्या आतून म्हणाल्या. "आठ वर्षांची. आईला सांगू नकोस म्हणाले. मी नाही सांगितलं. यांचा तिसरा तुटला तेव्हा हे महिनाभर नखं खात होते. मी नाही विचारलं." त्यांनी काच खाली केली. "आता तुमचे कितवे?"

साहेबांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे इंजिनात पाहत होते.

"सातवा आणि आठवा, आई."

"म्हणजे चार गेले. सहा राहिले."

"सहा काय?" साहेबांनी विचारलं. नुसता आकडा ऐकला की हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप जाई.

"जावई," सासूबाई म्हणाल्या. "एकेकाच्या वाट्याला एक; तुम्ही दोघांचे घेतलेत. चला, काढा गाडी."